नाडाछडी बांधलेलं हेल्मेट

डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरांवर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजायला लागले की तो धूर दुपारनंतर खाली शिनोलीपर्यंत उतरतो. माझी आताची शाळा शिनोलीला, रस्त्याच्या कडेलाच. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसलेली असते, खिडकीतून तो वास आत येतो आणि माझा हात आपोआप हनुवटीखाली जातो. तिथं काही नसतं, पण बोटं पट्टा शोधतात. चैत्र म्हटलं की कुणाला कैरीची डाळ आठवते, कुणाला पालवी. मला हेल्मेट आठवतं. हसायचं तर खुशाल हसा.

त्या वर्षी आम्ही दोघं नवरा-बायको वर, आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीत शिक्षक होतो. नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं. दोन शिक्षकी शाळा आणि दोन्ही शिक्षक घरचेच, त्यामुळे तालुक्यातले बाकीचे शिक्षक आमचा हेवा करायचे. एकत्र जायचं, एकत्र यायचं, डबा एक, गाडी एक. राहायला घोडेगावात खोली होती. तिथून धरणापर्यंत डांबर. पुढं पाण्याच्या कडेकडेनं खडी उखडलेला रस्ता. आणि शेवटच्या टप्प्यात रस्ता फक्त सरकारी नकाशावर. प्रत्यक्षात जीपच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, तांबडी माती आणि मधूनच वर आलेले खडक. आमचे हे गाडी फार छान चालवायचे. ते खोटं कशाला सांगू? खडकावर चाक चढवण्याआधी मान किंचित मागं करून "धर" म्हणायचे, मी खांद्याला धरायची आणि गाडी अलगद पलीकडे उतरायची. त्या एका "धर"वर माझा केवढा विश्वास होता, हे आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

हेल्मेटचा विषय निघाला तो माझ्या कपाळावरून. एका वळणावर वाटेवर झुकलेली फांदी होती. ह्यांनी मान खाली घातली, ह्यांच्या पाठीमुळे मला ती दिसलीच नाही आणि सरळ कपाळावर बसली. रक्त आलं, फार नाही. हे गाडी उभी करून कितीतरी वेळ माझ्या कपाळावर रुमाल दाबून उभे राहिले. चेहरा पार उतरला होता. म्हणाले, "आता हेल्मेट घ्यायचीच. दोघांना. अगदी एकसारखी." त्या "एकसारखी"नं मला आतून काय झालं ते सांगायला संकोच वाटतो. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईच्या कानावर असलं काही सहसा पडत नाही.

लग्नातला शालू आम्ही एका दुपारी घेऊन मोकळे झालो होतो. हेल्मेटला सगळा फाल्गुन गेला. अडचण अशी होती की आम्हाला डांबरावरही चालेल आणि चाकोरीतही चालेल असं एकच हवं होतं. डांबरावर हनुवटीपर्यंत बंद असलेलं बरं, कारण ट्रक अंगावरून जातात आणि खडी उडते. पण तेच हेल्मेट चाकोरीत जीव घाबरा करतं. गाडी हळू, वारा नाही, आपलाच श्वास काचेवर बसतो आणि खड्डा दिसायच्या आत खड्ड्यात. नुसती टोपी घ्यावी तर धूळ, फांद्या, ऊन, सगळं तोंडावर. जड घ्यावं तर धक्के बसून मान जाते, हलकं घ्यावं तर मनाला शंका. शिवाय माझा अंबाडा. अंबाड्यावर जगातलं कुठलंही हेल्मेट बसत नाही, हे तेव्हा कळलं. हेल्मेटं बनवणाऱ्यांच्या घरात बायका नसाव्यात किंवा त्या पायी चालत असाव्यात. मी अंबाडा सोडला आणि शाळकरी मुलीसारखी वेणी घालायला लागले. जेवताना, भाजी निवडताना, पेपर काढताना आमचा तोच विषय. आता वाटतं, आमच्या संसारातला तो सगळ्यात गोड महिना होता.

मंचरच्या पेठेत कांतिशेठचं स्पेअरपार्टचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन, पण इथं इतकं मुरलेलं की शेठच्या बोलण्यात माझ्या माहेरच्या, लोणीच्या चावडीचा सूर लागायचा. मी हेल्मेट घालून आरशात बघायला लागले तर ते म्हणाले, "बाई, आरसा न्हाई बघायचा. पट्टा लावा अन् मान फिरवा. मान फिरली अन् हेल्मेट जाग्याव ऱ्हायलं, तर ते तुमचं न्हाई." मग त्यांनी आमच्या दोघांचे अंगठे हेल्मेटच्या आत दाबायला लावले. "वर कापड, खाली हे टणक लागतंय बघा, थर्माकोल. डोकं हे वाचवतं, वरची कवटी न्हाई. हितं नुसता स्पंज लागला तर खुशाल ठिवून द्या." ह्यांनी अंगठा दाबून बघितला, दोनदा मान डोलावली. विद्यार्थी म्हणून हे पहिल्यापासून हुशार.

शेवटी एक पसंत पडलं. विटकरी रंगाचं, हनुवटीपर्यंत येणारं, कपाळावर छोटा छज्जा, काच वर सारता येईल असं. दोघांच्याही डोक्याला बरोबर. पण दुकानात तसं एकच होतं. शेठ म्हणाले दुसरं आठवड्यानं येईल. "मग दोन्ही तेव्हाच नेतो," हे म्हणाले. पुढच्या रविवारी एक डोक्यात आणि एक कोपरात अडकवून हे घरी आले. दोन्ही विटकरी, दोन्हींना छज्जा. एकाच्या पट्ट्याला नाडाछडीचा तुकडा बांधलेला, सत्यनारायणाच्या पूजेतून उरलेली असते ना, ती लाल-पिवळी. "हे माझं," म्हणाले. "अदलाबदल नको. तुझ्या केसांना तेल असतं." मला हसू आलं. पुरुषांना कसलं कसलं सोवळं असतं!

आणि रोज सकाळी निघताना माझा पट्टा हे स्वतः लावायचे. मला ती कडी जमायची नाही. हनुवटी वर कर म्हणायचे, बोटभर जागा आहे का बघायचे, मग वरून टपली मारायचे. शेजारच्या बायका बघायच्या. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

चैत्रात वाडीवर दोन गोष्टी एकदम यायच्या, परीक्षा आणि हिरडा. बाळहिरडा कोवळा असतानाच झाडावरून उतरवायचा असतो, त्यामुळे निम्मी शाळा झाडांवर. पेपरला बसलेल्या मुलांची बोटं काळी. गणिताच्या पेपरावर त्या काळ्या अंगठ्यांचे ठसे, भागाकाराच्या शेजारी. शाळेचा ओटा चांगला तापतो म्हणून वाडीतल्या बायका हिरडा तिथंच वाळत घालायच्या आणि आम्ही त्याच्या कडेनं पाय टाकत वर्गात जायचो. एकदा मी गंमत म्हणून एक चावला. तो तुरटपणा दुपारचा डबा खाल्ला तरी जिभेवरून गेला नाही. तिथली एक म्हातारी, ठमाबाई, आमची गाडी आली की काम सोडून बघत बसायची. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "बाई, डोक्याव ही कढई कशापायी?" मी म्हटलं, पडले तर डोकं फुटू नये म्हणून. तिनं विचार केला. "मालकानं आनली?" हो म्हटलं. "मंग लई जीव हाय मालकाचा," असं म्हणून ती हिरडा परतायला लागली.

मलाही तसंच वाटत होतं. जत्रेला लोणीला माहेरी गेलो तर ती कढई मी घालून मिरवत गेले. माझे वडील, अप्पा, मेंढरं राखून म्हातारे झालेले. आता वावर करत होते, पण दहा-वीस मेंढरं अजून दाराशी होतीच. त्यांनी दोन्ही हेल्मेटं हातात घेऊन बघितली. नाडाछडीवर बोट ठेवून विचारलं, "ही खूण कुनी केली?"

"ह्यांनी."

"आन् तुज्या टोपीला न्हाई केली?"

मी तेलाची गोष्ट सांगितली. अप्पा "हं" म्हणाले आणि हेल्मेटं खाटेवर ठेवून मेंढरांकडे गेले. खूण म्हणजे काय, हे त्यांच्या घरात मला वेगळं शिकायची गरज नव्हती. दोघातिघांची मेंढरं एका रानात बसली की ती मिसळतात. म्हणून जो तो आपल्या मेंढराच्या पाठीवर रंग ओढतो, नाहीतर गळ्यात दोरा बांधतो. दुसऱ्याच्या मेंढराला कुणी खूण करत बसत नाही. कधी दोघांनी एकाच मेंढरावर हक्क सांगितला की अप्पांची एक रीत होती. तसल्याच दुसऱ्या मेंढराच्या पाठीवरही तोच रंग ओढायचा आणि म्हणायचं, "आता निवड, पावणं. ज्याचं हाय त्याला खुनंबिगर कळंल." खोटा माणूस दोन पाठींकडे बघत उभा राहायचा. खरा मालक पुढं होऊन कान धरायचा. मी लहानपणी हा खेळ म्हणून बघायची. टाळ्या पिटायची.

परीक्षा संपत आली होती तेव्हा माझ्या हेल्मेटच्या काचेचा खटका तुटला. मुलं मधल्या सुट्टीत घालून बघायची, त्यात. शनिवारी मला मंचरला काम होतं, ह्यांना केंद्रावर मीटिंग. मी हेल्मेट पिशवीत घालून एसटीनं गेले.

कांतिशेठनी ते हातात घेतलं, उलटं केलं, आत अंगठा दाबला आणि माझ्याकडे बघितलं. "बाई, ही काच बसायची न्हाई. ह्यो माल आमचा न्हाई."

मी म्हटलं, असं कसं, दोन्ही तुमच्याकडूनच आणली.

"सरांनी एकच नेलं. दुसरं आलं म्हनून निरोप धाडला व्हता मी, तर म्हनले, ऱ्हाऊ द्या. मागं बसनाऱ्याला हायवेवरचं चालतं." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "लोक नेत्यात हो असं. सगळेच नेत्यात."

पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर हेल्मेटं मांडून बसतात, ती मी कितीदा बघितली होती. एसटीत बसून मी माझ्याच हेल्मेटमध्ये अंगठा दाबला. कापड, स्पंज आणि लगेच कवटी. मधे काहीही नाही. वर तोच विटकरी रंग. तसा रंग शोधायला ह्यांना केवढं फिरावं लागलं असेल! हे मात्र मनाला फार लागलं. नुसतं स्वस्त घेतलं असतं तर स्वस्त दिसलं असतं. हे हुबेहूब होतं.

तरी मी वाईट विचार करत नव्हते. घोडेगाव येईपर्यंत मी ह्यांची वकिली करत होते. शेठ विसरले असतील. वाट बघायचा कंटाळा आला असेल ह्यांना. हायवेवाल्यानं शपथा घेऊन तोच माल म्हणून गळ्यात मारलं असेल, हे भोळेपणानं फसले असतील. दोरा काय, तेलासाठी. आतलं ह्यांना माहीतच नसेल. एवढं एक माहीत नसावं, म्हणजे झालं. बाकी सगळं मी माफ करून टाकलं होतं. ह्यांना माहीत आहे की नाही, एवढाच प्रश्न उरला होता आणि विचारला असता तर उत्तर काय मिळालं असतं हे मला ठाऊक होतं.

म्हणून मी अप्पांची रीत केली. देव्हाऱ्याच्या खणात नाडाछडी होती. ह्यांच्या दोऱ्याएवढाच तुकडा कापला, तशीच गाठ मारून माझ्या पट्ट्याला बांधला आणि माझा तुटका खटका सुईदोऱ्यानं असा अडकवला की बाहेरून कळू नये. सोमवारी सकाळी दोन्ही हेल्मेटं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि आत डबा भरायला गेले. खिडकीतून ओटा दिसतो.

हे बाहेर आले, किल्ली फिरवत. हात पुढे केला आणि थांबला. दोन दोरे. मी मनात म्हणत होते, हाक मारा. "अगं, हे दोन्हीला कसं गं?" असं विचारा मोठ्यानं. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस असंच ओरडेल. मी पोळी हातात धरून त्या हाकेची वाट बघत होते.

ह्यांनी दाराकडे बघितलं. मी दिसत नव्हते. मग एक हेल्मेट उचललं आणि आत अंगठा दाबला. ठेवून दिलं. दुसरं उचललं, अंगठा दाबला आणि ते डोक्यात घातलं. स्वतःचा पट्टा लावला. मग खाली वाकून राहिलेल्या हेल्मेटच्या पट्ट्याची नाडाछडी सोडली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडली. तो तुकडा खिशात घातला आणि हाक मारली, "आवर गं, उशीर होतोय!"

मी बाहेर आले. ह्यांनी नेहमीसारखं माझ्या डोक्यात हेल्मेट घातलं, हनुवटी वर कर म्हणाले, बोटभर जागा आहे का बघितलं, पट्टा लावला आणि वरून टपली मारली.

त्या दिवशीचा रस्ता मला अजून खड्ड्यासकट पाठ आहे. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. समोरच्या उतारावर राब पेटले होते. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. चाकोरी सुरू झाली. खडक आला. "धर," हे म्हणाले. मी धरलं नाही, सीटच्या मागची दांडी पकडली. गाडी नेहमीसारखी अलगद पलीकडे उतरली. काहीच झालं नाही. त्या दिवशीच काय, त्या सबंध वर्षात आम्ही एकदाही पडलो नाही. माझी खरी पंचाईत ती. पडले असते, डोकं फुटलं असतं तर दाखवायला काहीतरी असतं. न फुटलेलं डोकं कुणाला दाखवणार?

दुपारी मुलं पेपर लिहीत होती. ओट्यावर हिरडा वाळत होता, आम्ही दोघं त्याच्या कडेला सावलीत उभे होतो. मी हळू आवाजात विचारलं, "दोन्हीला दोरा होता. तुम्ही ओळखलं कसं?"

ह्यांनी बाहेर घरंगळलेला एक हिरडा पायानं आत सारला. मग अगदी शांतपणे, वर्गात समजावून सांगतात तसं म्हणाले, "चालवणाऱ्याचं डोकं शाबूत पाहिजे. तो शुद्धीत राहिला तरच मागच्याला वाचवेल. तूच विचार कर."

मी विचार केला. त्यांच्या म्हणण्यात तसं खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आणि हेच ते कांतिशेठच्या दुकानात म्हणाले असते तर मीच म्हटलं असतं, चांगलं तुम्ही घ्या. देवाशपथ म्हटलं असतं. हसत हसत स्पंजाचं हेल्मेट घालून मागं बसले असते आणि वर त्यांनाच जपून चालवा म्हटलं असतं. माझ्याकडून मागून घ्यायचं ते त्यांनी माझ्यापासून लपवून घेतलं. तेही माझ्याच कपाळाच्या रक्ताचं निमित्त करून. माझ्या डोक्याची किंमत त्यांनी काय केली याचं मला पुढं फारसं वाटेनासं झालं. पण रोज सकाळी तो पट्टा लावायचे ना, ते आठवलं की अजून अंगाची आग होते. निदान तो तरी मला माझा लावू द्यायचा.

संध्याकाळी वाडीतून हिरड्याची पोती घेऊन जीप खाली निघाली होती. मी ठमाबाईबरोबर पोत्यांवर चढून बसले. हे गाडीला किक मारून वाट बघत होते. मी म्हटलं, पाठ भरून आलीय, तुम्ही व्हा पुढं. उघड्या डोक्यानं, पोत्यांना धरून, धुळीनं माखत मी खाली आले. ठमाबाईनं विचारलं, "बाई, कढई कुठं गेली?" ती शाळेतच राहिली होती. ओट्यावरच्या खिळ्याला. माझ्या मते अजूनही तिथंच असेल, नाहीतर कुणीतरी त्यात कोंबडी बसवली असेल.

त्यानंतर पाठ दुखते हे माझं कायमचं कारण झालं. मी जीपनं जायची, हे गाडीवर. लोक विचारायचे, सर-बाई एकत्र दिसत नाहीत. पाठ, मी म्हणायची. ह्यांनी मात्र कधीच विचारलं नाही. पुढं खाली बदली झाली, वरचा रस्ता डांबरी झाला. संसार म्हणाल तर व्यवस्थित झाला. मी आजारी पडले की हे औषध आणतात, चहा करून देतात, पोळ्यासुद्धा लाटतात वेड्यावाकड्या. मी चहा पिते. पण ह्यांनी मला काही आणून दिलं, साडी असो, फळं असो, की माझा अंगठा आपोआप ते दाबून बघतो. ही सवय मी लावून घेतलेली नाही.

या चैत्रात मी माझी स्वतःची गाडी घेतली, बिनगिअरची. ह्यांनी चालवायला शिकवू का विचारलं. शाळेतली एक तरुण बाई शिकवतेय म्हटलं. परवा मंचरला जाऊन कांतिशेठच्या दुकानात हेल्मेट घेतलं. शेठचे केस पांढरे झालेत, पण ओळखलं त्यांनी. मी आरशात बघितलं नाही. पट्टा माझा मी लावला, मान फिरवली, एकेकाच्या आत अंगठा दाबला. तासभर मला कुणी घाई केली नाही. शेवटी एक पसंत पडलं, पिवळंधमक, लांबून दिसेल असं.

शेठ ते पुसून पिशवीत घालत म्हणाले, "बाई, सरांचं लई जुनं झालं असंल. त्यांच्यासाठी बी दाखवू का एखादं चांगलं?"

"नको शेठ," मी म्हटलं, "त्यांना हेल्मेट निवडता येतं."